गाणगापूरची वाट आणि अनोळखी आजार

सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर ‘गाणगापूर रोड’ नावाचे स्थानक लागते. पौर्णिमा जवळ आली की या स्थानकावर यात्रेकरूंची दाटी होते. येथून पुढे कलबुर्गी जिल्ह्यातील अफजलपूर तालुक्यात, भीमा आणि अमरजा या नद्यांच्या संगमाजवळ, दत्तसंप्रदायाचे ते सुप्रसिद्ध क्षेत्र आहे. सोलापूर, अक्कलकोट, आळंद, बसवकल्याण या पट्ट्यात सेवा करणाऱ्या आमच्या पाळकांना व उपदेशकांना ही गर्दी नवी नाही. या गर्दीत नवस फेडणारे असतात, पारायणाला बसणारे असतात. आणि त्यांच्याबरोबर, कोणी हाताला धरून तर कोणी पाठीवर घेऊन आणलेले, रोगी असतात.

या रोग्यांना झाले आहे तरी काय, हे पुष्कळदा त्यांच्या घरच्यांनाही सांगता येत नाही. ‘बाहेरचे आहे’ एवढेच ते सांगतात. मध्यान्हीच्या आरतीच्या वेळी ‘बाधा’ झालेली माणसे ओरडतात, घुमतात, खांबांवर चढू पाहतात. हे दृश्य ज्याने पाहिले आहे तो ते विसरत नाही. या श्रद्धेचा न्याय करण्यासाठी आम्ही हा लेख लिहीत नाही. ज्या घरातील लेकराला कळत नाही असा आजार जडतो, ते घर कोणत्याही धर्माचे असो, शेवटी कोणत्या ना कोणत्या गाणगापूरची वाट धरतेच. आमच्या मंडळ्यांतील किती कुटुंबे एका प्रार्थनासभेतून दुसऱ्या प्रार्थनासभेत, एका आरोग्यदात्याकडून दुसऱ्याकडे फिरत असतात, हे पाळकांनी आपल्या मनाशी मोजून पाहावे.

प्रस्तुत लेखात आम्हांस एकच गोष्ट मांडावयाची आहे. रोगाला नाव मिळाल्यावाचून औषध मिळत नाही. आणि ते नाव केवळ वैद्याला ठाऊक असून भागत नाही, शेजाऱ्याला, शिक्षकाला आणि पाळकाला त्याची ओळख असावी लागते. हा धडा हिंदुस्थानातील ख्रिस्ती मंडळी कुष्ठरोगाच्या निमित्ताने शंभर वर्षांहून अधिक काळ, पुष्कळ चुका करीत शिकली. आज ‘दुर्मिळ आजार’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हजारो रोगांच्या बाबतीत तोच धडा पुन्हा गिरविण्याची वेळ आली आहे.

१. क्षेत्राच्या ग्रंथातील रोगी

गाणगापूरचे माहात्म्य ज्यांच्यामुळे वाढले ते श्रीनृसिंहसरस्वती मूळचे विदर्भातील कारंजा येथील. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पंधराव्या शतकाच्या मध्यापर्यंतचा त्यांचा काळ मानला जातो. त्यांचे चरित्र सांगणारा ‘गुरुचरित्र’ हा ओवीबद्ध ग्रंथ सरस्वती गंगाधर यांनी मराठीत रचला. आपली मूळ भाषा मराठी नव्हे, हे ग्रंथकाराने स्वतःच सूचित केले आहे. सीमाभागाची ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. येथे दुःख एका भाषेत भोगले जाते आणि दुसऱ्या भाषेत सांगितले जाते.

या ग्रंथाच्या अखेरच्या भागात तीन रोगी भेटतात. पहिला नंदी नावाचा कुष्ठी ब्राह्मण. तो आधी तुळजापूरला भवानीच्या पायाशी व्रतस्थ राहतो. तेथून त्याला दुसऱ्या देवीच्या स्थानी जाण्याची आज्ञा होते. तेथे काही महिने काढल्यावर गाणगापूरला जा, असे स्वप्नात सांगण्यात येते. देवांनी आपल्याला माणसाकडे का पाठवावे, या शंकेने तो खिन्न होतो. गाणगापूरला आल्यावर त्याचे अंग निर्मळ होते, पण मनातील संशयामुळे एक डाग तेवढा राहतो. दुसरी रोगी म्हणजे गुरूंची स्वतःची बहीण रत्नाई. तिचे कुष्ठ हे पूर्वी घडलेल्या पातकाचे फळ म्हणून सांगितले आहे. तिसरा रोगी बेदरचा मुसलमान राजा. त्याच्या अंगावर स्फोटक, म्हणजे मोठे गळू, उठलेले असते आणि हकिमांच्या उपायांनी ते बरे होत नाही.

या कथांतील चमत्कारांविषयी आम्ही येथे काही बोलत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाने त्यांत आणखी एक गोष्ट वाचली पाहिजे, ती म्हणजे रोग्याचा प्रवास. तुळजापूर, मग दुसरे स्थान, मग गाणगापूर. वर्षे जातात, पैसा जातो, आणि शेवटी डाग उरला तर तो रोग्याच्याच संशयाच्या नावावर मांडला जातो. आज एखाद्या दुर्मिळ आजाराच्या बालकाचे आईबाप गावच्या डॉक्टरकडून तालुक्याला, तेथून जिल्ह्याला आणि पुढे महानगराला जातात, तेव्हा त्यांची वाट याहून फार वेगळी नसते. मार्काच्या शुभवर्तमानातील बारा वर्षे रक्तस्राव सोसणारी स्त्रीही अशीच पुष्कळ वैद्यांच्या हातून गेली होती आणि जवळचे सर्व वेचून बसली होती. तिच्या रोगाचे नाव शुभवर्तमानकाराने दिलेले नाही. तिच्या खर्चाची नोंद मात्र त्याने आवर्जून केली आहे.

बेदरच्या राजाविषयीही थोडे सांगितले पाहिजे. हा राजा म्हणजे बहमनी सुलतान दुसरा अल्लाउद्दीन असावा, असे काही अभ्यासकांचे मत आहे. त्याची कारकीर्द १४३६ ते १४५८. फिरिश्ता या फारसी इतिहासकाराने नोंदविले आहे की, या सुलतानाने बेदर येथे मोठे रुग्णालय बांधविले, औषधे व अन्न यांच्या खर्चासाठी गावांचे उत्पन्न लावून दिले आणि हिंदू वैद्य व मुसलमान हकीम असे दोघेही नेमले. म्हणजे एकाच प्रदेशात, एकाच शतकात, रोग्यापुढे दोन दारे उघडी होती. सीमाभागातील माणूस तेव्हाही दोन्ही दारांशी जात असे आणि आजही जातो. पाळकाने यांपैकी एक दार बंद करण्याचा खटाटोप करू नये. दुसऱ्या दाराची वाट दाखविणारा कोणी असावा, एवढीच आपली काळजी असावी.

२. आमच्या व्यासपीठावरील कुष्ठ

रोग आणि पाप यांची गाठ बांधण्याचा दोष केवळ इतरांच्या ग्रंथांत शोधणे हा आपल्यापुरता सोयीचा मार्ग होईल. आपल्या व्यासपीठांवरून काय बोलले गेले आहे?

लेवीय या पुस्तकाच्या तेराव्या व चौदाव्या अध्यायांत जो इब्री शब्द येतो त्याचा उच्चार ‘त्साराअथ’ असा काहीसा आहे. हा डाग माणसाच्या त्वचेवर पडतो तसा कापडावर आणि घराच्या भिंतीवरही पडतो. भिंतीला कुष्ठरोग होत नाही, हे सांगावयास नको. ग्रीक भाषांतरकारांनी त्यासाठी ‘लेप्रा’ हा खपल्या धरणाऱ्या त्वचारोगाचा शब्द योजिला. आज ज्याला आपण कुष्ठरोग म्हणतो त्याला प्राचीन ग्रीक वैद्य निराळ्याच नावाने ओळखत. पुढे शतकांच्या ओघात दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळले. मराठी बायबलात महारोग व कुष्ठरोग हे शब्द आले, आणि बोलीतील रक्तपिती हा शब्दही त्यांच्या पंक्तीला जाऊन बसला. पांढरे कोड हा तर अगदी वेगळा, न संसर्गणारा विकार; त्यात संवेदनाही जात नाही. पण ‘श्वेतकुष्ठ’ या नावामुळे त्याच्याही कपाळी तोच कलंक आला.

मिर्याम, गेहजी, उज्जीया यांच्या कथा आपण वारंवार वाचतो आणि त्यांवरून कुष्ठ हे पापाचे चिन्ह असे अनुमान काढतो. आम्हीही सेवेच्या आरंभीच्या वर्षांत असा उपदेश केला आहे. एकदा उपासना संपल्यावर एक वृद्ध भगिनी थांबल्या. त्यांचा रोग कधीच बरा झालेला होता, पण हाताची बोटे आखडलेली होती. त्या म्हणाल्या, “पाळकसाहेब, औषधानं रोग गेला, बाप्तिस्म्यानं पाप गेलं असं तुम्हीच सांगता. बोटं काही परत आली नाहीत. मग आज तुम्ही बोललात ते माझ्याबद्दल का?” आम्हांस उत्तर देता आले नाही. त्या दिवसापासून आम्ही तो दृष्टांत पुन्हा वापरलेला नाही.

ईयोबाचे मित्र जेव्हा त्याच्या फोडांचा संबंध त्याच्या अपराधांशी जोडतात, तेव्हा देव त्यांनाच दोषी ठरवितो. जन्मांध मनुष्याविषयी शिष्यांनी विचारले की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे. प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले. योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय मराठी पाळकाच्या हाती असताना आनुवंशिक आजाराच्या बालकाच्या आईला ‘तुमच्या घराण्यावर काही शाप आहे काय’ असे कोणी विचारावे, ही खेदाची गोष्ट होय. आणि हा प्रश्न आजही विचारला जातो.

लेवीयाच्या त्याच अध्यायात एक तपशील आहे, त्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. डाग पाहून याजकाने तत्काळ निर्णय देऊ नये, सात दिवस थांबावे, पुन्हा पाहावे, आणि शंका राहिली तर आणखी सात दिवस थांबावे, असा तो नियम आहे. घाईने नाव ठेवू नये आणि पाहणे सोडूही नये, असा याचा अर्थ. रोगी शुद्ध झाला म्हणजे त्याला समाजात परत घेण्याचे कामही याजकाचेच. प्रभू येशूने कुष्ठरोग्याला आधी स्पर्श केला आणि मग याजकाकडे पाठविले, ते या परत घेण्यासाठी.

३. आश्रम, कायदा आणि औषध

आता मंडळीच्या सेवेचा इतिहास थोडक्यात पाहू. आयर्लंडचे वेलस्ली बेली १८६९ साली पंजाबातील अंबाला येथे आले आणि तेथील कुष्ठरोग्यांची दशा त्यांनी पाहिली. १८७४ साली त्यांच्या प्रेरणेने कुष्ठरोग्यांसाठी मिशन स्थापन झाले. त्याच सुमारास, १८७३ साली, नॉर्वेतील डॉ. हॅन्सन यांनी या रोगाचा जंतू शोधून काढला होता. रोग शापामुळे होत नाही, जंतूमुळे होतो, हे ज्ञान जगाला मिळाले. पण ज्ञान मिळणे आणि ते गावात पोहोचणे यांत फार अंतर असते.

मुंबईत महापालिका आयुक्त ॲकवर्थ यांच्या पुढाकाराने १८९० साली माटुंग्याला निराश्रित कुष्ठरोग्यांसाठी आश्रम उघडला गेला. त्यांचे नाव आज वडाळ्याच्या रुग्णालयाला आहे. मराठी वाचक त्यांना ऐतिहासिक पोवाड्यांचे एक संग्राहक म्हणूनही ओळखतात. १८९० व ९१ या वर्षांत हिंदुस्थानात कुष्ठरोग आयोगाने चौकशी केली आणि हा रोग वंशपरंपरेने येत नाही, तसेच त्याचा संसर्ग फार थोडा आहे, असा निष्कर्ष मांडला. असे असूनही १८९८ साली कायदा झाला आणि भीक मागणाऱ्या कुष्ठरोग्याला पकडून आश्रमात कोंडण्याचा अधिकार सरकारला मिळाला. अभ्यासकांनी एक सांगितले आणि भीतीने दुसरेच लिहून घेतले. तो कायदा देशाच्या पुस्तकातून २०१६ साली काढून टाकण्यात आला.

गाणगापूर, कलबुर्गी व बीदर हा सारा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्याच राज्यात, तेलंगणातील निजामाबादजवळ डिचपल्ली येथे, वेस्लियन मेथडिस्ट मिशनच्या डॉ. इझाबेल कर यांनी जे काम केले ते आमच्या वाचकांनी जाणून घ्यावे. स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या या डॉक्टर १९०७ साली पती रेव्ह. जॉर्ज कर यांच्यासह हैदराबाद राज्यात आल्या. त्यांच्या दवाखान्याशी कुष्ठरोगी येत, पण त्यांना ठेवून घेण्यास जागा नव्हती. राजा नरसा गौड या हिंदू गृहस्थांनी मोठी देणगी दिली आणि १९१५ साली डिचपल्लीचे कुष्ठरुग्णालय उभे राहिले. तेथे चौलमुगरा जातीच्या, म्हणजे आपल्याकडील कडूकवठीसारख्या झाडांच्या बियांच्या तेलाची टोचणी दिली जात असे. उपचार वेदनादायक आणि गुण अनिश्चित. तथापि ‘यावर काही करता येते’ ही वार्ताच मोठी होती. डॉ. कर १९३२ साली डिचपल्लीतच मरण पावल्या. ख्रिस्ती डॉक्टर, हिंदू दाता आणि मुसलमान राजाचे राज्य. बेदरच्या जुन्या रुग्णालयाची आठवण व्हावी असा हा योग होता.

महाराष्ट्रातही मिरज आणि अमरावती जिल्ह्यातील कोठारा येथील कुष्ठरुग्णालयांनी पिढ्यान्‌पिढ्या सेवा केली. मिशनच्या बाहेरही हे कार्य वाढले. मनोहर दिवाण यांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम काढले, डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली अमरावतीस तपोवन आणि बाबा आमटे यांनी १९४९ साली वरोऱ्याजवळ आनंदवन उभे केले. आपण एकटेच या वाटेने चाललो असे मंडळीने म्हणू नये.

आपल्या आश्रमांच्या चुकाही नोंदविल्या पाहिजेत. पुष्कळ आश्रमांत स्त्री-पुरुषांना वेगळे ठेवीत, पतीपत्नींना एकत्र राहू देत नसत, निरोगी मुलांना आईबापांपासून दूर वाढवीत. हेतू संसर्ग टाळण्याचा होता. परिणाम असा झाला की आश्रमाच्या भिंतीने ‘हा रोग वेशीबाहेरचा’ हीच समजूत पक्की केली. आपण रोग्यावर माया केली, पण त्याच्या गावाला शिकविले नाही. शुश्रूषा आणि लोकजागृती या दोन निराळ्या सेवा आहेत. पहिली करीत असताना दुसरी आपोआप होते हा भ्रम होता.

१९४० नंतरच्या दशकात सल्फोन गटाची औषधे आली. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचार सुचविला. सहा महिने किंवा वर्षभर विनामूल्य मिळणाऱ्या गोळ्या घेऊन रोग बरा होऊ लागला. डिसेंबर २००५ मध्ये देशात दर दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण, हे लक्ष्य गाठल्याचे जाहीर झाले. तरीही जगातील नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात आढळतात. अलीकडच्या वर्षांत ही संख्या साधारण एक लाखाच्या आसपास राहिली आहे.

येथे कायद्याचा आणखी एक प्रसंग सांगणे भाग आहे, कारण तो आपल्याच घरातला आहे. ख्रिस्ती विवाहितांना लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यात २००१ साली दुरुस्ती झाली. स्त्रियांना न्याय देणारी म्हणून तिचे स्वागत झाले, आणि ते योग्यच होते. पण त्याच दुरुस्तीने जोडीदाराचा ‘तीव्र व असाध्य’ कुष्ठरोग हे घटस्फोटाचे एक कारण म्हणून नव्याने घातले. रोग साध्य होऊन तेव्हा वीस वर्षे झाली होती! २०१९ साली संसदेने हे कारण इतर धर्मीयांच्या कायद्यांबरोबर आपल्याही कायद्यातून वगळले. मधल्या अठरा वर्षांत आपल्यापैकी कितीजणांना हे कलम ठाऊक तरी होते?

४. विरळ झालेला आणि विरळच असलेला रोग

रोग सर्वत्र असतो तेव्हा माणसे त्याला भितात. तो विरळ होतो तेव्हा त्याला विसरतात. दोन्ही वेळी रोगी एकटाच पडतो. आज अंगावर फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा घेऊन वावरणाऱ्या तरुणाला तो कुष्ठाचा असेल असे वाटत नाही, कारण घरात कोणी तो रोग पाहिलेलाच नाही. हात वाकडा होईपर्यंत वेळ निघून जाते. यासाठीच ३० जानेवारीस, महात्मा गांधींच्या स्मृतिदिनी, सरकार कुष्ठरोग जागृतीचा कार्यक्रम करते. २०१७ पासून त्याला ‘स्पर्श’ असे नाव आहे. ख्रिस्ती मनुष्याला त्या शब्दाचे स्पष्टीकरण करून सांगण्याची गरज नाही.

काही रोग मात्र मुळातच विरळ असतात. दर दोन हजारांमागे एकाहून कमी लोकांना होणारा रोग युरोपात दुर्मिळ मानतात. आपल्या देशाने, पुरेशी मोजणीच झालेली नसल्यामुळे, अशी व्याख्या केलेली नाही. जगात असे सुमारे सात हजार रोग सांगितले जातात आणि त्यांतील बहुतेक आनुवंशिक आहेत. एकेक रोग विरळ, पण सर्व मिळून रोगी पुष्कळ. औषध बनविणाऱ्यांना फायदा नाही म्हणून ज्या औषधांकडे कोणी वळत नाही, त्यांना इंग्रजीत ‘अनाथ’ औषधे म्हणतात; अमेरिकेत १९८३ साली त्यांच्यासाठी कायदा झाला. अनाथांचा समाचार घेणे हे शुद्ध धर्माचरण होय, असे याकोबाने आपल्या पत्रात म्हटले आहे. हा शब्द आपल्यापर्यंत अशा रीतीने आला, हे आम्हांस विचार करण्याजोगे वाटते.

भारत सरकारने २०२१ साली दुर्मिळ आजारांविषयी राष्ट्रीय धोरण जाहीर केले. त्याखाली नेमलेल्या केंद्रांत मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय आहे, बंगळूरला मानव आनुवंशिकी केंद्र व इंदिरा गांधी बालरुग्णालय आहे, आणि हैदराबादलाही केंद्र आहे. २०२२ मधील बदलानंतर या केंद्रांमार्फत एका रुग्णासाठी ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळण्याची तरतूद झाली. काही रोगांच्या औषधांपुढे ही रक्कमही अपुरी पडते, हे खरे. पण नाव न मिळालेल्या रोग्याला यांतील एक रुपयाही मिळू शकत नाही.

एक उदाहरण देतो. १९१२ साली डॉ. विल्सन यांनी वर्णिलेला आणि त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा एक दुर्मिळ आजार आहे. त्यात शरीराला तांबे बाहेर टाकता येत नाही. ते यकृतात आणि मेंदूत साठत जाते. शाळेत जाणारा चांगला मुलगा किंवा मुलगी हळूहळू बदलू लागते. हात थरथरतो, अक्षर बिघडते, बोबडी वळते, लाळ गळते. कधी एकाएकी राग, रडणे, विचित्र वागणे. गावात याचा एकच अर्थ लावला जातो. अशा मुलाला गाणगापूरच्या खांबांपाशी किंवा आपल्या उपासप्रार्थनेच्या सभेत आणले जाणे अगदी संभवनीय आहे. पण डोळ्यांच्या बुबुळाभोवती दिसणारे तपकिरी कडे आणि रक्त-लघवीच्या तपासण्या यांवरून हा रोग ओळखता येतो, आणि १९५६ पासून त्यावर औषध आहे. वेळीच सुरू केले आणि जन्मभर चालू ठेवले तर मूल पुष्कळदा सावरते. उशीर झाला तर यकृत आणि मेंदू यांची हानी भरून येत नाही. प्रत्येक घुमणारा मनुष्य विल्सनच्या आजाराचा रोगी आहे, असे आम्ही म्हणत नाही. त्यांच्यात एक जरी तसा असेल, तर आपल्या अज्ञानाची किंमत ते मूल देत असते.

५. पाळकाचे काम

डोंगरावरून उतरल्यावर प्रभूपुढे एका पित्याने आपल्या मुलाला आणले; तो पडे, फेस आणी, ताठ होई. शिष्यांना काही करता आले नव्हते आणि भोवती वाद चालला होता. प्रभूने त्या वादात भाग घेतला नाही. त्याने पित्याला विचारले की हे याला केव्हापासून होत आहे. आणि पित्याने बालपणापासूनचे सर्व सांगितले. मार्काने हा प्रश्न जपून ठेवला आहे. कोणताही वैद्य रोग्याला प्रथम हेच विचारतो. या एका प्रश्नाने आरंभ केला तर पाळकाच्या हातून पुष्कळ साधेल. केव्हापासून? आधी कसा होता? घरात आणखी कोणाला असे झाले होते काय? उत्तरे एका कागदावर, तारखांसह, लिहून द्यावीत. गोंधळलेल्या आईबापांना डॉक्टरपुढे जे सांगता येत नाही ते तो कागद सांगेल.

आपल्या मंडळीची बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंदवहीही या कामी उपयोगी आहे. एकाच घरातील दोन-तीन मुले लहानपणीच, सारख्याच लक्षणांनी गेली, ही गोष्ट त्या वहीखेरीज दुसरीकडे कोठेही लिहिलेली नसते. आमच्या सीमाभागात मामाशी किंवा मामाच्या मुला-मुलीशी विवाह करण्याची रीत जुनी आहे, आणि बाप्तिस्मा घेतल्याने ती सुटलेली नाही. पुष्कळ आनुवंशिक आजारांत आईबाप दोघेही निरोगी दिसतात, पण दोघांकडेही सदोष अंश असेल तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याचा संभव चारात एक असतो. आणि जवळच्या नात्यात दोघांकडे एकच अंश असण्याची शक्यता वाढते. विवाहापूर्वीच्या भेटीत हे शांतपणे समजावून सांगावे. कोणाला दोष देऊ नये, आणि सुनेला तर मुळीच देऊ नये. अंश दोन्हीकडून येतो.

प्रार्थना थांबवावी असे आम्ही सुचवीत नाही. प्रार्थना करावी आणि त्याच दुपारी जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठीही आणून द्यावी. ‘विश्वास कमी पडला’ हे वाक्य मात्र रोग्याच्या उशाशी कधी उच्चारू नये. नंदी ब्राह्मणाच्या अंगावर उरलेला डाग त्याच्याच संशयाच्या माथी मारला गेला, तसेच ते होईल. जानेवारीच्या अखेरच्या रविवारी जागतिक कुष्ठरोग दिन असतो, आणि फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी दुर्मिळ आजारांचा दिवस. तो २००८ साली युरोपात सुरू झाला. या दोन प्रसंगी उपासनेत दहा मिनिटे काढून जवळच्या आरोग्य केंद्रातील कोणाला बोलावता येईल. मराठीत एकदा आणि, जेथे मंडळी दोन भाषांची आहे तेथे, कन्नडमध्ये एकदा.

आणि गाणगापूरला जाणारा कोणी शेजारी आपल्या दारावरून जात असेल, तर त्याला अडवू नये. घोटभर पाणी द्यावे, लेकराची चौकशी करावी, आणि हे केव्हापासून होत आहे ते विचारावे. त्या प्रश्नाचे उत्तर ऐकून घ्यायला अद्याप कोणी बसलेच नसेल.